नवा कॉम्प्युटर घेण्याआधी जुन्याची नाडी पाहा

नाशिकच्या सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत जॉबवर्क करणाऱ्या कारखानदाराकडे आता कागदावरचे ड्रॉईंग क्वचितच येते. मोठा कारखाना फाईल पाठवतो, लहान कारखानदार ती कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडतो आणि तेथून पुढे डाय, फिक्स्चर, पत्रा किंवा मशीनिंगचे काम सुरू होते. जुन्या नाशिकात आणि वडाळ्यात गेट, ग्रिल, जाळीचे दरवाजे व लाकडी नक्षीकाम करणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांचेही तेच झाले आहे. पूर्वी फरशीवर खडूने आखणी होत असे. आता लेसरवाला आणि सीएनसी राऊटरवाला पहिला प्रश्न विचारतो, ‘डीएक्सएफ फाईल आणली का?’

या बदलाबरोबर एक तक्रार घरोघर, दुकानोदुकानी ऐकू येते. कॉम्प्युटर फार संथ चालतो, फाईल उघडायला वेळ लागतो, झूम केले की चित्र अडकते, सेव्ह करताना पडदा पांढरा होतो. त्यावर शेजारी, भाचा आणि विक्रेता असे तिघेही एकच इलाज सांगतात : नवा घ्या. मग हप्ते बांधले जातात, व्याज डोक्यावर बसते, आणि कित्येकदा नव्या कॉम्प्युटरवरही तीच फाईल तशीच रखडते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा हा प्रकार आहे. आमचे स्पष्ट मत असे की, रोग कुठे आहे हे शोधल्याशिवाय खिशात हात घालू नये. हा शोध घेणे अवघडही नाही. वर्कशॉपमधला कोणताही समजदार मुलगा एका दुपारी तो घेऊ शकतो.

हा प्रश्न किरकोळ समजू नये. दिवसातून दीडशे वेळा वीस-वीस सेकंद थांबावे लागले, तर रोजची ५० मिनिटे गेली. महिन्याचे २५ दिवस धरले तर जवळजवळ २१ तास वाया जातात. म्हणजे एका कामगाराचे अडीच दिवस. त्याचे पैसे ना ग्राहक देतो, ना विक्रेता. शिवाय दिलेल्या दिवशी ड्रॉईंग मंजुरीला गेले नाही तर पुढचे काम दुसऱ्याकडे जाते, ते वेगळेच.

आधी निदान, मग औषध

पहिली चाचणी कोऱ्या फाईलची. नवे रिकामे ड्रॉईंग उघडा, चार रेषा आणि दोन वर्तुळे काढा, झूम करून पाहा. हे सगळे झटपट होत असेल तर यंत्र बहुधा ठीक आहे आणि दोष त्या विशिष्ट फाईलमध्ये आहे. कोऱ्या फाईलमध्येही कर्सर अडखळत असेल तर दोष यंत्रात, ड्रायव्हरमध्ये किंवा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आहे. एवढ्या एका चाचणीने अर्धे निदान होते.

दुसरा प्रश्न, काम नेमके केव्हा अडते? फाईल उघडताना आणि सेव्ह करताना वेळ लागत असेल तर संशय डिस्क, पेनड्राईव्ह किंवा नेटवर्कवर घ्यावा. चित्र फिरवताना, झूम करताना अडत असेल तर ग्राफिक कार्डाकडे किंवा फाईलमधल्या रेषांच्या गर्दीकडे पाहावे. माप बदलल्यावर मॉडेल पुन्हा बांधायला वेळ लागत असेल तर प्रोसेसर आणि मॉडेलची रचना तपासावी. फक्त प्रिंट देताना किंवा सॉफ्टवेअर सुरू होताना अडत असेल तर नेहमीचा प्रिंटर म्हणून नेमलेले यंत्र बंद पडलेले किंवा नेटवर्कवर नसलेले तर नाही ना, हे आधी बघावे. हे कारण फार साधे आहे, म्हणूनच ते कोणाच्या लक्षात येत नाही.

तिसरे साधन म्हणजे विंडोजमधील टास्क मॅनेजर. काम अडलेले असताना तो उघडून ठेवावा. मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे गेली असेल तर रॅम कमी पडते आहे. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर डिस्क हाच अडथळा आहे. हे आकडे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. उद्या विक्रेत्याशी बोलताना ही वहीच आपली वकील होईल.

फाईल जड का होते?

आमच्या कारागिरांच्या बाबतीत सर्वांत मोठे कारण जाळीची नक्षी हे आहे. एखादा ग्राहक मोबाईलवर फोटो दाखवतो आणि ‘अशी जाळी हवी’ म्हणतो. ड्रॉईंग करणारा मुलगा त्या फोटोवरून सॉफ्टवेअरकडून आपोआप रेषा काढून घेतो. दिसायला नक्षी होते, पण जिथे एक चाप पुरला असता तिथे शेकडो बारीक तुकडे जोडलेले असतात. पूर्ण दरवाजात असे हजारो तुकडे होतात. फाईल फुगते, कॉम्प्युटर दमतो. त्याहून वाईट म्हणजे हलक्या कंट्रोलरची मशीन प्रत्येक तुकड्याशी अडखळत चालते, कड खडबडीत येते आणि कटिंगचा वेळ वाढतो.

यावरचा इलाज आमच्या जुन्या उस्तादांना कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. भौमितिक जाळी ही एका घराची पुनरावृत्ती असते. आठ टोकांचा तारा त्याच्या आठव्या हिश्शातून उभा राहतो. उस्ताद पट्टी आणि परकाराने एक घर नेमके आखत आणि त्याचा साचा करून पुढे उतरवत. कॅडमध्येही तसेच करावे. एक घर खऱ्या रेषा आणि चापांनी काढावे, त्याचा ब्लॉक करावा आणि तो ओळीने मांडावा. समजा एका घरात २४ रेषा आहेत आणि दरवाजात ४०० घरे आहेत. सुट्या रेषा ठेवल्या तर ९,६०० होतात. ब्लॉक केला तर सॉफ्टवेअर २४ रेषा एकदाच लक्षात ठेवते आणि बाकी फक्त ४०० जागा. पुढे ग्राहकाने पट्टीची रुंदी बदलायला सांगितली तरी एकच घर दुरुस्त करावे लागते.

येथे एक सावधगिरी हवी. कटिंगच्या मशीनला बहुधा ब्लॉक फोडलेली फाईल द्यावी लागते. म्हणून दोन फाईली ठेवाव्यात, एक कामाची आणि एक कटिंगची. शेजारशेजारच्या दोन घरांची कड एकच असते, त्यामुळे ब्लॉक फोडल्यावर तिथे रेषेवर रेषा बसते. ऑटोकॅडमधील ‘ओव्हरकिल’ ही आज्ञा अशा दुहेरी रेषा काढून टाकते. ती न वापरता फाईल लेसर किंवा प्लाझ्मावर गेली तर मशीन त्याच कडेवरून दोनदा फिरू शकते. पत्रा जळतो, गॅस आणि वीज वाया जाते, आणि बिल मात्र मीटरवर किंवा मिनिटावर लागते. फाईल साफ करण्याचा फायदा असा थेट नफ्यात दिसतो.

दुसरे कारण म्हणजे वर्षानुवर्षे एकाच जुन्या फाईलवर नवी कामे चढवत जाणे. ग्राहकाचे शीर्षक बदलायचे, मापे बदलायची आणि पुढे जायचे, ही सवय सर्वत्र आहे. पण जुने ब्लॉक, लेअर, अक्षरांच्या आणि मापांच्या शैली फाईलच्या पोटात तशाच राहतात. त्यासाठी ‘ऑडिट’ करून दोष दुरुस्त करावेत आणि ‘पर्ज’ करून न वापरलेला माल काढून टाकावा. इतर सॉफ्टवेअरमधून आलेल्या फाईलींत ‘रेगअॅप’ नावाच्या नोंदींचा ढीग साठतो. तो नेहमीच्या खिडकीतून दिसला नाही तर पर्जच्या आधी आडवी रेघ देऊन आज्ञापट्टीवरून तो पर्याय निवडावा. कोणतीही सफाई करण्यापूर्वी मूळ फाईलची प्रत वेगळी ठेवावी, हे सांगणे नको.

आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, फार दाट हॅच. ड्रॉईंगचे प्रमाण बदलले आणि हॅचचे प्रमाण तसेच राहिले तर हजारो रेषा तयार होतात. दुसरी, शून्य बिंदूपासून फार दूर काढलेले चित्र. सर्वेक्षणाच्या नकाशावरून उचललेल्या गेटच्या ड्रॉईंगमध्ये हे वारंवार दिसते. चित्र थरथरते, रेषेचे टोक नीट पकडले जात नाही. तुकडा शून्यापाशी आणून काम करावे आणि जागेचा संबंध लागत असेल तर मूळ नकाशा जपून ठेवावा. तिसरी, जोडलेल्या बाहेरच्या फाईली. ज्या पेनड्राईव्हवर त्या होत्या तो आता कोणाच्या खिशात आहे हे सॉफ्टवेअरला माहीत नसते. ते त्यांना शोधत बसते आणि आपण पडद्याकडे पाहत बसतो.

त्रिमितीय काम करणाऱ्यांसाठी

फिक्स्चर आणि डाय करणाऱ्या कारखानदारांचे दुखणे थोडे वेगळे आहे. ग्राहक पूर्ण असेंब्लीची स्टेप फाईल पाठवतो. आपल्याला एक ब्रॅकेट करायचा असतो आणि फाईलमध्ये अख्खे यंत्र असते, प्रत्येक बोल्टच्या आट्यांसह. बोल्टचे आटे खरेखुरे कोरून दाखवण्याची गरज फार थोड्या ठिकाणी असते. आट्यांची खूण पुरते, कारण टॅप मारणारा माप वाचतो, चित्र मोजत नाही. म्हणून लागणारा भाग वेगळा काढून त्याची स्वतंत्र फाईल करावी. सॉलिडवर्क्समध्ये असेंब्ली ‘लाईटवेट’ पद्धतीने उघडता येते, चित्राची गुणवत्ता खाली आणता येते, आणि कोणता भाग किती वेळ खातो याचा तपशील देणारी सोयही आहे. ती एकदा चालवून पाहावी. अनेकदा सगळा वेळ एखाद-दुसरा भागच खात असतो.

आता यंत्राकडे

फाईल निर्दोष ठरली तरच यंत्राकडे वळावे, आणि तेही स्वस्त इलाजापासून. पहिला इलाज फुकट आहे. पेनड्राईव्हवरून किंवा नेटवर्कवरून फाईल थेट उघडू नये. ती कॉम्प्युटरवर उतरवून काम करावे आणि संध्याकाळी परत ठेवावी. लॅपटॉप बॅटरीवर किंवा वीज बचतीच्या सेटिंगवर चालत असेल तर तो मुद्दाम सावकाश चालतो. चार्जर लावून पूर्ण क्षमतेची सेटिंग निवडावी. पुष्कळ लॅपटॉपांत दोन ग्राफिक असतात, एक प्रोसेसरमधले साधे आणि एक वेगळे ताकदीचे. पैसे ताकदीच्या कार्डाचे मोजलेले असतात आणि कॅड मात्र साध्यावर चालू असते. विंडोजच्या ग्राफिक सेटिंगमध्ये कॅडसाठी ताकदीचे कार्ड नेमून द्यावे. ऑटोकॅडमध्ये ‘ग्राफिक्सकॉन्फिग’ आज्ञेने हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद करून पाहावे. बंद केल्यावर काम सुधारले तर दोष बहुधा ड्रायव्हरचा आहे. कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा योग्य ड्रायव्हर घालावा आणि ते पुन्हा चालू करावे.

दुसरा इलाज फुंकणीचा. ग्राईंडिंग आणि वेल्डिंग चालते त्याच शेडमध्ये कॉम्प्युटर ठेवला की लोखंडाची भुकटी पंख्यात आणि जाळीत बसते. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडखाली प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. सकाळी ठीक आणि दुपारी संथ, अशी तक्रार असेल तर आधी हेच पाहावे. लोखंडाची भुकटी वीज वाहून नेते, तेव्हा सफाई कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, जाणकाराकडूनच करावी. कॉम्प्युटर काचेच्या केबिनमध्ये नेता आला तर उत्तम.

तिसरा इलाज थोड्या पैशांचा. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर ती बदलून एसएसडी घालावी. फाईल उघडणे, सेव्ह करणे आणि विंडोज सुरू होणे यांत फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. रॅम ८ जीबी असेल तर १६ करावी, मोठ्या असेंब्लीसाठी ३२. जमल्यास एका पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या घालाव्यात.

प्रोसेसरच्या बाबतीत बाजारात फार मोठा गैरसमज आहे. विक्रेता आठ कोर, बारा कोर असे आकडे सांगतो. पण ड्रॉईंग आणि मॉडेलिंगचे बहुतेक काम एकाच कोरवर चालते. एका शाफ्टवर आधी टर्निंग, मग मिलिंग, मग ग्राईंडिंग असा क्रम असतो. शेजारी आणखी सात लेथ आणून ठेवल्या म्हणून तो एक शाफ्ट लवकर होत नाही. मॉडेलचेही तसेच आहे, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून असते. म्हणूनच संगणक अडलेला असताना टास्क मॅनेजर प्रोसेसर फक्त १२-१३ टक्के कामात दाखवतो. आठांपैकी एक पूर्ण राबतो आहे आणि सात बसून आहेत, असा त्याचा अर्थ. तेव्हा कोरची संख्या विचारण्याआधी एका कोरचा वेग विचारावा. रंगीत, छायाप्रकाशाची चित्रे काढणाऱ्याला मात्र जास्त कोरचा उपयोग होतो. त्याचे गणित वेगळे.

नवे यंत्र कधीच घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि अनेक जुने कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा ठिकाणी बदल करावा लागेल. पण तो वहीतले आकडे हातात घेऊन करावा.

चोरीची प्रत : सर्वांत महाग स्वस्ताई

आता एक कटू गोष्ट. आपल्याकडील कित्येक कॉम्प्युटरवर कॅडची चोरीची प्रत असते, आणि संथपणाचे एक कारण तेथेही असते. कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरबरोबर काय काय आत येते हे ते घालून देणाऱ्यालाही माहीत नसते. सुधारणा मिळत नाहीत, अँटिव्हायरस बंद ठेवायला सांगितले जाते, आणि दार सताड उघडे राहते. जून २०१२ मध्ये ‘ईसेट’ या सुरक्षा कंपनीने ऑटोकॅडच्या फाईली चोरणारा एक किडा उघड केला. तो ऑटोकॅडच्याच ऑटोलिस्प भाषेत लिहिलेला होता, त्याचा सर्वाधिक प्रसार पेरू देशात होता, आणि उघडलेली ड्रॉईंग तो चीनमधील ई-मेल खात्यांवर पाठवत होता. अशी हजारो ड्रॉईंग गेली. ग्राहकाचे ड्रॉईंग ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ती आपल्या निष्काळजीपणामुळे बाहेर गेली तर नुसता वेग गेला नाही, विश्वास गेला. आलेल्या फोल्डरमध्ये ‘एकॅड’ नावाची लिस्प फाईल आपण न ठेवता दिसली तर ती उघडू नये, तपासून घ्यावी.

कायद्याचीही जाण हवी. कॉपीराईट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब नुसार चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे.

‘मग गरीब कारागिराने करायचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे. ऑटोकॅडची कायमची प्रत नव्याने विकणे कंपनीने २०१६ पासून बंद केले. आता मुदतीचे भाडे भरावे लागते आणि ते सर्वांना झेपणारे नाही. पण जाळी, गेट आणि लेसरच्या कामाला डीएक्सएफ पुरते, आणि त्यासाठी लिब्रेकॅड हे सॉफ्टवेअर मोफत व कायदेशीर मिळते. त्रिमितीय कामासाठी फ्रीकॅड आहे. त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि धंद्यासाठी वापरायलाही त्याला पैसे पडत नाहीत. सुरुवातीला हात बसायला वेळ लागेल. हलक्या कॉम्प्युटरवर मात्र लिब्रेकॅड सहज चालते, हा फायदा वेगळा. ज्याच्या ग्राहकाला अमुकच सॉफ्टवेअरची फाईल हवी आहे त्याने भाडे भरावे आणि ते जॉबच्या दरात धरावे. ड्रिल आणि इन्सर्टचा खर्च आपण धरतोच ना?

आमची सूचना

प्रत्येक वर्कशॉपने एका हुशार शागिर्दाला हे काम नेमून द्यावे. आठवड्यातून एक तास फाईलींची सफाई, महिन्यातून एकदा यंत्राची धूळ, आणि वहीत नोंद. लेथला तेल देण्याची वेळ ठरलेली असते, कॉम्प्युटरला ती का नसावी? मुलांना केवळ आज्ञा पाठ करण्यापेक्षा ड्रॉईंगची शिस्त शिकवावी. आयटीआय किंवा छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेत शिकून आलेला मुलगा आणि फरशीवर खडूने नक्षी आखणारा उस्ताद यांना एका टेबलावर बसवले, तर दोघांचाही फायदा होईल.

कॉम्प्युटर विकणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांनाही विनंती आहे. ग्राहक आला की आधी त्याची सर्वांत जड फाईल मागून घ्या आणि ती आपल्या यंत्रावर त्याच्या देखत चालवून दाखवा. एसएसडीने काम भागणार असेल तर तसे सांगा. त्या दिवशी नफा कमी होईल. पण तो कारागीर पुढची दहा वर्षे तुमच्याच दुकानात येईल आणि चार जणांना घेऊन येईल.